भर दुपारचं पाणी

पॉप्लरच्या दोन रांगांमधून धुळीचा रस्ता वळत होता, आणि त्या वळणावर तो उभा होता. खांद्यावर फावडं, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर कड उसवलेली टोपी. मी गाडीची काच खाली केली.

"ओर्तीसांचं जुनं घर हेच का?"

"हेच."

"मालक कुठे भेटतील?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं... मग स्वतःच्या पायांकडे.

"येतील. अर्ध्या तासात," म्हणाला, आणि द्राक्षवेलींत दिसेनासा झाला.

अर्ध्या तासानं मालक आले. ओले केस, इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात किल्ल्यांचा जुडगा. आणि चेहरा तोच.

"मी फाउस्तो ओर्तीस. या."

"मघाशी तुम्हीच होतात," मी म्हणाले.

"मघाशी मी चिखलात होतो. पाहुण्यांना घर दाखवायला कुणी तसं येतं का?"

बरोबरचे मित्र हसले. मला हसू आलं नाही. पहिल्याच प्रश्नाला जो माणूस सरळ उत्तर देत नाही, त्याच्या किल्ल्यांवर भरवसा कसा ठेवायचा?

माझ्या संशयाला कारण होतं. गेल्या जानेवारीत समुद्रकाठचं घर मीच शोधलं होतं. फोटोत निळ्या खिडक्या, अंगणात झोपाळा. रोसारियोहून आम्ही सहाजणं तिथे पोहोचलो, तर त्या पत्त्यावर गवत वाढलेली मोकळी जागा आणि एक बांधलेली शेळी. वर्षभर मित्रमंडळी मला विचारत होती, "मिकाएला, शेळी कशी आहे?" यंदाही घर मीच निवडलं होतं. यंदाही फसले असते, तर त्यांच्यात बसून तोंड उघडायची सोय उरली नसती.

घर मात्र खरं होतं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, लाल विटांचा लांब व्हरांडा, शंभर-सव्वाशे वर्षं झिजून बशीसारखे खोलगट झालेले उंबरे. भिंतीला गाल लावला की गार वाटायचं, जणू आत कुणीतरी ओलं फडकं ठेवलंय. माझी मैत्रीण नादिया तर पहिल्याच दिवशी हॅमॉकमध्ये पडली ती पडलीच.

पण व्हरांड्याच्या टोकाची एक खोली कुलुपात होती.

"त्यात काय आहे?"

"जुनं सामान," फाउस्तो म्हणाला, आणि उगाच दुसरीकडे पाहू लागला.

जुन्या सामानाचा टॉवेल संध्याकाळी खिडकीत वाळत होता. ओला.

शिवाय त्याच्या सूचना. गाड्या मागच्या अंगणात लावू नका. गुरुवारी मागचं फाटक उघडं राहू द्या. आणि जाता जाता, अगदी सहज... "दुपारी झोपता ना सगळे?"

"का?" मी विचारलं.

"इथे सगळे झोपतात. ऊन फार."

"त्याचं आपल्यावर फार लक्ष आहे," मी नादियाला सांगितलं.

"आपल्यावर नाही गं," ती डोळे न उघडता म्हणाली.

बुधवारी सकाळी तो टोपलीभर जर्दाळू घेऊन आला. मी एकटीच जागी होते. येर्बाचा कडू काढा एकाच नळीतून आळीपाळीनं पीत आम्ही पायरीवर बसलो.

"तुमचं ओळखपत्र दाखवता?" मी म्हणाले.

त्यानं निमूट काढून दिलं. फोटोत मिशी होती, दोन्ही टोकं वर वळलेली.

"हा कोण?"

"एकवीस वर्षांचा एक गाढव. त्याला वाटायचं, मिशीवर पोरी भाळतात."

"भाळल्या?"

"एक भाळली होती. न्हाव्याची बायको. तिच्या नवऱ्यानंच काढली मग."

मी हसले. हसून झाल्यावर मला माझाच राग आला... इतकं गोड बोलणारा माणूस काहीतरी लपवतच असणार. पण नळी परत देताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली, आणि ती काढून घ्यायला मी जरा उशीर केला. हे नादियाला सांगितलं नाही.

गुरुवार उजाडला. दोन वाजता घर गाढ झोपलं. कुत्रीसुद्धा अक्रोडाखाली मेल्यासारखी पडली होती. मी पडद्याआड जागी. टोकाच्या खोलीचं कुलूप वाजलं नाही, दारच उघडलं, आतून. फाउस्तो अनवाणी बाहेर आला, हातात फावडं. मागच्या फाटकापाशी त्यानं चारीची लोखंडी फळी वर ओढली आणि वेलींत लांब निघून गेला.

मग पाणी आलं. आधी सळसळ, मग चांदीची जीभ, मग पाटच. अंगणातून, भिंतीच्या कडेकडेनं, थेट नादियाच्या गाडीकडे. ती गाडी नेमकी मागेच लावलेली होती. आणि मातीची भिंत... मातीच्या भिंतीला पाणी म्हणजे काय, हे मलाही कळत होतं. आम्हाला घालवायचंय याला, मी मनाशी म्हटलं. घर पडायला आलंय, आणि खापर आमच्यावर फोडायचंय.

मी धावले. फळी दोन्ही हातांनी दाबून खाली बसवली. पाणी रस्त्याकडच्या चारीत वळलं आणि निघून गेलं. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती माझी.

पाचला दोन मिनिटं असताना तो परत आला. तोंड उन्हानं काळवंडलेलं. बंद फळीकडे बघत उभा राहिला.

"ही कुणी लावली?"

"मी. आणि त्या खोलीत तुम्ही राहता. सामान नाही, तुम्ही."

"राहतो," तो हळूच म्हणाला. "जाहिरातीत संपूर्ण घर लिहिलं होतं. तेवढं खोटं बोललो. मला दुसरीकडे जायला जागा नाही." मग त्यानं टोपी काढली. "पण पाणी खोटं नव्हतं, मिकाएला. अंगणातूनच ते वेलींकडे जातं, वर्षानुवर्षं. गुरुवार, दोन ते पाच, ही आमची पाळी. आठवड्यातून एकदाच. मी खालच्या टोकाला वाट बघत बसलो. वाटलं, आज वरूनच कमी सोडलंय. चालत पाटकऱ्यापर्यंत जाऊन आलो. तो म्हणाला, पूर्ण सोडलंय."

"मग उघडा ना आता."

तेवढ्यात रस्त्यावरून पाटकऱ्याची मोटारसायकल गेली. त्यानं ओर्तीसांच्या चारीचं मुख्य दार खाली पाडल्याचा ठण्ण आवाज इथवर आला. पाच.

फाउस्तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त वेलींकडे बघत होता. द्राक्षं नुकती हिरव्याची जांभळी होऊ लागली होती, आणि पानं दुपारी भाजल्यासारखी लोंबत होती.

"आठ दिवस निघतील?" मी विचारलं.

"बघू."

मी विचारलं, "पाचनंतर कुणाची पाळी?"

"शेजारच्या एर्सिलियाबाईंची. मानानं सगळे दोन्या एर्सिलिया म्हणतात. का?"

मी उत्तर द्यायला थांबले नाही.

दोन्या एर्सिलिया शेजारच्या मळ्याच्या बांधावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई, पुरुषी हॅट, मांडीवर आडवं फावडं. मी धापा टाकत सगळं सांगितलं, शेळीपासून.

"फाउस्तोनं पाठवलं?"

"नाही. त्याला ठाऊकसुद्धा नाही."

"मग तू कोण त्याची?"

"...भाडेकरू."

"बरीच पळालीस गं, भाडेकरूच्या मानानं." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "इथली रीत सांगते. पाणी उसनं मागायला येईल त्यानं आधी देणाऱ्याचं शिवार भिजवायचं. माझ्या सऱ्या सहापर्यंत भरून दे. माझी पाळी सातपर्यंत, उरलेला तास त्याचा."

"मला येत नाही."

"पोरी, पाणी उताराकडेच जातं. तू फक्त मध्ये येऊ नकोस. आज आलीस तशी."

पांढरे कॅनव्हासचे बूट दुसऱ्याच सरीत चिखलानं ओढून घेतले. एक सापडला, एक गेला. काठ फोडायचा, पाणी शेवटच्या वेलीपर्यंत पोहोचू द्यायचं, मग तो बुजवून पुढचा फोडायचा. तळहाताला फोड आले. दोन्या खुर्चीवरून गुणगुणत होत्या,

"पाण्यामागं जाणारीनं पायी जोडा घालू नये,
मनामागं जाणारीनं मागं वळून पाहू नये."

"हे माझ्यासाठी का?" मी विचारलं.

"छे. बुटासाठी," त्या म्हणाल्या.

सहाला त्यांनी मधला बांध फोडला. पाणी ओर्तीसांच्या वेलींत शिरलं आणि त्याच्या मागोमाग मी. फाउस्तो रांगेच्या टोकाला पाठमोरा बसला होता. पायाखाली ओल आली तेव्हा वळला.

आधी त्यानं पाणी पाहिलं. मग माझा एक अनवाणी पाय. मग माझ्या हातातलं दोन्यांचं फावडं.

"त्यांनी तुला फावडं दिलं?" तो म्हणाला. "मला अजून देत नाहीत."

"मी शेळीची गोष्ट सांगितली."

"कसली शेळी?"

"सांगेन कधीतरी. फाउस्तो... माझं चुकलं. पूर्ण नाही. तू खोटं बोललासच. पण जास्त माझं चुकलं."

"हिशेब बरोबर आहे," तो म्हणाला आणि हसला.

पश्चिमेला डोंगरांचं बर्फ अजून उन्हात चमकत होतं, आणि त्याच बर्फाचं पाणी आमच्या घोट्यांना कापरं भरवत होतं. पानं एकेक करून उठत होती, की मला तसं वाटत होतं. आम्ही शेजारी उभे.

"अजून काही लपवलंय का?" मी विचारलं. सवय लगेच जात नाही.

"एक आहे..."

"सांग," मी म्हणाले.

"सोमवारी दुसरे पाहुणे यायचे होते. मी त्यांना नाही म्हणून कळवलं. घर रिकामं ठेवलंय."

"कधी कळवलंस?"

"मंगळवारी."

"मंगळवारी तर आम्ही आलो."

"हो." त्याचे कान लाल झाले होते. "तू गाडीची काच खाली केलीस. मग मी घरी गेलो, आंघोळ केली, आणि सदरा इस्त्री होईपर्यंत फोन केला."

मी त्याच्याकडे रोखून पाहिलं. नीट, खूप वेळ, जसं मंगळवारपासून पाहत होते. कुठे काही सापडतंय का ते शोधत. काहीच सापडलं नाही. फक्त एक थकलेला, लाजलेला माणूस... आणि मी उत्तर देईन की नाही, या भीतीनं टोपी पिळणारे त्याचे हात.

व्हरांड्यातून नादिया हाका मारत होती, "मिकाएला, जेवायला ये गं. कुठे आहेस?"

"नादिया," मी ओरडले, "रविवारी तुमच्या गाडीत एक जागा रिकामी राहील. बॅगा ऐसपैस ठेवा."

पलीकडून सगळ्यांची एकदम आरोळी आली. फाउस्तोनं टोपी पिळायचं थांबवलं. काही बोलायला गेला...

"ही सरी भरली," मी म्हणाले. "उगाच उभा राहू नकोस. मला पुढचा काठ फोडायचाय."

तो बाजूला झाला नाही. मीही म्हटलं नाही पुन्हा. त्याच्या पायांपाशीच फावडं रोवलं, आणि पाणी आमच्या दोघांमधून पुढे निघालं.