मुक्कामाला थांबलेले तेवीस वीर

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट हळू आवाजात सांगण्यासारखी आहे. जपानातल्या ताकाओका गावच्या किनुएची गोष्ट. तिच्या कपाटात तेवीस गेम पडून होते, आणि सहा वर्षांत त्यांतला एकही ती खेळली नव्हती. का, ते ऐकलंत की तुमचाही तिच्यावर जीव जडेल.

हातात मावणारे ते जुने गेम. एक वीर घरातून निघतो, वाटेत सोबती जोडतो, राक्षसांशी झुंजतो, अंधार पडला की कुठल्याशा गावी मुक्काम करतो. किनुए त्यांच्या कॅसेटी जुन्या गेमच्या दुकानातून मोठ्या हौसेनं आणायची, घरी येऊन लावायची... आणि आत आधीच कोणीतरी असायचं. आधीच्या मालकाचा वीर! चाळीस-चाळीस तास चालून दमलेला, मुक्कामाला थांबलेला. कॅसेटीत जागा एकाचीच. आपला प्रवास सुरू करायचा तर त्याला पुसायचं, आणि तिथंच किनुएचं बोट अडायचं. लहानपणापासून ती मावशीबरोबर देवळात गाऊन सांगितलेली प्रवचनं ऐकत आली होती. म्हातारे उपदेशक आवाज चढवून, मग एकदम खाली आणून गायचे – तुझ्या हाती आलं ते आधी दुसऱ्याच्या हाती होतं बाळा, आधी त्याचे उपकार मान. उपकार मानायचे त्यालाच पुसायचं कसं? ती कॅसेट काढून ठेवायची, आणि काही दिवसांनी दुसरी आणायची.

सप्टेंबरातल्या एका भुरभुरत्या दुपारी ती एक कॅसेट घेऊन दुकानात गेली. गल्ल्यावर नवा माणूस होता. उंच, जरासा वाकलेला, खांदे पावसानं ओले. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं शुगो. ही कॅसेट विकणाऱ्याचा पत्ता मिळेल का, असं तिनं विचारलं.

"बिघडली आहे का?"

"नाही. आत... कोणीतरी राहिलंय."

तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. त्यानं कॅसेट दोन्ही हातांनी घेतली, लावली, वीराचं नाव वाचलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड कमी झाला. मग त्यानं विचारलं, अशा आणखी किती आहेत?

त्याचं कारण असं होतं. त्याची आई, मिसाओ, शेवटच्या आजारात इस्पितळाच्या खाटेवर असाच एक गेम खेळायची. वीराचं नाव तिनं स्वतःचंच ठेवलं होतं, आणि सोबतच्या जाडजूड योद्ध्याचं नाव शुगो. "आज तुला नवं चिलखत घेतलं," असं ती त्याला सांगायची. अठरा वर्षांचा शुगो फोनमध्ये डोकं घालून नुसता हुं म्हणायचा. कोणता गेम, हेसुद्धा त्यानं कधी विचारलं नाही. ती गेली, आणि तिच्या जाण्याचा त्याला इतका राग आला की तिचे सगळे गेम त्यानं याच दुकानात विकून टाकले. राग ओसरला तेव्हा उशीर झाला होता. गेली अकरा वर्षं तो त्या कॅसेटीच्या मागावर होता. ही नोकरीही त्याचसाठी धरलेली.

मग दर बुधवारी, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, ट्रामच्या थांब्याजवळच्या कॉफीच्या दुकानात दोघं भेटू लागली. पुसण्यावर तोड शुगोनंच काढली. घरच्या देव्हाऱ्यात गेलेल्या माणसांच्या नावांची वही असते ना, तशी एक वही करायची. वीराचं नाव, लेव्हल, थांबल्याचं गाव लिहायचं, हात जोडायचे. मग पुसलं तरी तो हरवत नाही.

"पण हे लोक मेलेले नाहीत हो," किनुए म्हणाली.

"नाहीत. टोकियोत कचेरीत बसून टक्कल पडत असेल त्यांना. तरी हात जोडूया."

तिला इतकं हसू आलं की कॉफी सांडली. आणि बरं का, किनुए दर बुधवारी एकच कॅसेट आणायची. तो तिला आडनावानं हाक मारत चेष्टा करायचा, "होसोकावासान, तुमचा ढीग डोंगरावर आहे का?" ती म्हणायची, पिशवी लहान आहे. पिशवी काही लहान नव्हती.

दहा बुधवार असे गेले. अकराव्याच्या आधी देवळात कृतज्ञतेचा उत्सव होता. वाटीत लाल चवळीसारख्या दाण्यांची गरम आमटी, समोर गाणारे उपदेशक. ते आईबद्दल गात होते. किनुएनं वाटी खाली ठेवली. शुगोनं तिला एकदा सांगितलं होतं, कॅसेटीच्या पोटात इवलासा सेल असतो, तो संपला की आतला वीर कायमचा जातो. आणि आपण काय केलं? आपल्याला बुधवार हवे होते, म्हणून एका मुलाच्या आईला कपाटात वाट बघत ठेवलं!

त्या बुधवारी तिनं उरलेल्या बाराच्या बारा कॅसेटी टेबलावर ओतल्या, आणि मान खाली घालून सगळं कबूल केलं.

शुगोनं कॅसेटी एका ओळीत मांडल्या. मग म्हणाला, "तेवीस कॅसेटी जेवणाच्या डब्यात मावतात. मी दुकानात काम करतो, मला माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मलाही... बुधवार हवे होते."

बाराही उघडल्या. काचेबाहेर पाऊस गारा होऊन वाजू लागला. ताके. पोची. मोमो. शेवटच्या कॅसेटीत कुमा नावाचा वीर निघाला. मिसाओ कुठेच नव्हती.

शुगोनं ते नावही वळणदार अक्षरांत लिहिलं, हात जोडले. डोळे भरले होते, पण आवाज स्वच्छ होता. ज्याच्याकडे आईची कॅसेट आहे त्याचंही बोट तुमच्यासारखं अडलं असेल, तो म्हणाला. असं बोट असतं जगात, हे कळलं. पुष्कळ झालं.

किनुए पिशवी उचलून उठली. ढीग संपला, आता बुधवार कशाचे, असं काहीसं पुटपुटली.

"संपला कुठे? नुसता वाचून झालाय. यातला एक तरी खेळलात?"

"मी फार सावकाश खेळते."

"एकाला तीन-चार महिने धरू. म्हणजे सात वर्षं." त्यानं वही मिटली. "मला चालतील... किनुए."

आजवर त्यानं तिला आडनावानंच हाक मारली होती. ती पुन्हा खाली बसली. पहिली कॅसेट लावली, हात जोडून जुना वीर पुसला, आणि गेमनं नव्या वीराचं नाव विचारलं. आईचं लिहू का, असं तिनं हळूच विचारलं. त्यानं मान हलवली.

"आई तिच्या वाटेनं चाललीय. तुझं लिही. सोबत्याचं मी लिहितो."

आता त्यांचा सोळावा गेम चालू आहे. खेळतात दोघं, भांडतात एकाच घरात.

तुमच्याकडे एवढंच मागणं. कधी जुनी कॅसेट हाती आली, आत मिसाओ नावाची वीर दिसली, तर पुसण्याआधी घटकाभर थांबा. आणि नाही दिसली, तरी खाटेवर पडल्या पडल्या लेकाला रोज नवं चिलखत घालणाऱ्या त्या माउलीची आठवण ठेवा.