तिसरी नळी

हे खरं आहे का, असं विचारायला माझ्याकडे येऊ नका. मी तिथे होतो. तुमचा विश्वास नाही बसला, तर उलट बरंच आहे.

मागच्या श्रावणातली गोष्ट. कामशेतच्या आत, वडिवळे गाव.

रात्र नव्हती... भरदुपार होती.

माझी थोरली बहीण, चैतालीताई, शास्त्रज्ञ आहे. सगळं आयुष्य तिनं फ्लूमागे घालवलं. साथ कुठून येते, कशी पसरते, हे शोधण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. मग ती जनुकांकडे वळली. एकाच घरात एक जण तापातून उठतो आणि दुसरा दगावतो, ते का? उत्तर तिला सापडलं होतं. काहींच्या जनुकांत जन्मापासून एक खोट असते. अशा माणसाचा साधा फ्लूही थेट छातीत उतरतो.

त्यासाठी ती मावळातल्या घरांमधून नमुने गोळा करायची. पद्धत सोपी. तुमच्या चुलीवर किती माणसं जेवतात, एवढंच विचारायचं आणि तेवढ्या नळ्या द्यायच्या. घरचेच नाकात काडी फिरवून ती नळीत टाकतात. मग गावातली आशा सेविका नळ्या आणून देते.

वडिवळ्याच्या अंबूबाईंनी तीन नळ्या घेतल्या होत्या. एक स्वतःला, एक लेक अनिताला आणि तिसरी मुलाला, अमृतला.

अहवाल आला तशी ताई धावत गाडीत येऊन बसली. तिची गाडी मीच चालवतो. पगार शून्य, ओरडा भरपूर.

"चल लवकर. अमृतला फ्लू झालाय, आणि त्याच्यात ती खोटही आहे. ताप चढायच्या आत औषध पोटात गेलं पाहिजे."

अंबूबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. आतून खोकला ऐकू आला.

कोरडा... खोल...

"अमृत घरात आहे ना?" ताईनं विचारलं.

"व्हय, हाय की. जेवतोय."

आम्ही आत गेलो.

खोकला थांबला.

जमिनीवर ताट वाढलेलं होतं. भात, कालवण, शेजारी पाण्याचा तांब्या. कालवलेल्या भातात बोटं उमटलेली...

समोर कुणीच नव्हतं.

खोलीला दुसरं दार नव्हतं. भिंतीवर एका तरुण पोराचा फोटो होता. फोटोला हार होता.

मागून अनिता आली. हळूच म्हणाली, "मॅडम, दादा दिवाळीत गेला. तापानंच. वरीस सरंस्तवर आई त्येचं पान वाढती. आमच्यात तशी रीत हाय."

"मग त्याची नळी कुणी भरली?"

"आईनं ती ताटाशेजारी ठिवलीती..." अनिता घुटमळली. "सकाळी बघितलं तर भरल्याली व्हती."

ताई भडकेल असं मला वाटलं. तिनं अहवाल उघडून पुन्हा वाचला. नमुना पुरुषाचा होता. अनिताच्या सख्ख्या भावाचा होता, हे तिनं स्वतः ताडून पाहिलं होतं. आणि त्यातला फ्लूचा विषाणू त्याच पावसाळ्यात आलेला होता. दिवाळीत तो कुठेच नव्हता.

"अनिताचं काय?" मी विचारलं.

"फ्लू नाही," ताई म्हणाली. "पण खोट तीच आहे."

तेवढ्यात...

अनिता खोकली.

ताईनं तिला तिथूनच उचललं आणि शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. औषध वेळेत दिलं. ऑक्सिजन लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोण मरणार हे तिला आधी कळलं होतं. ती पोरीच्या उशाशी बसून राहिली. मला म्हणाली, "हिला मी जाऊ देणार नाही."

अनिता गेली.

तिच्यातला विषाणू अमृतच्या नमुन्यातल्या विषाणूशी तंतोतंत जुळला. ताईच्या शास्त्राप्रमाणे त्याचा अर्थ एकच होता. तिला तो भावाकडून लागला.

ताईनं संशोधन सोडलं. दिवसभर खिडकीशी बसायची. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

मग एका दुपारी अंबूबाईंचा फोन आला.

"मॅडम, अनिता आज जेवली. पर तिचा खोकला थांबंना झालाय. तुमी येता का?"

फोन स्पीकरवर होता. बाईंच्या आवाजामागे कुणीतरी खोकत होतं...

आणि त्याच्यामागे आणखी कुणीतरी.

"ताई, नको जाऊस," मी म्हणालो. "काय करणार आहेस तिथे?"

"मला नाही माहीत. गाडी काढ."

आता तिथे दोन ताटं होती. ताईनं दोन्ही ताटांशेजारी गोळ्यांचं एकेक पाकीट ठेवलं. बाईंना डोस समजावून सांगितला, नेहमीसारखाच. परतताना ती घाटात ढसाढसा रडली. मी गाडी बाजूला घेतली.

परवा अंबूबाईंचा पुन्हा फोन आला.

गोळ्या संपल्या, म्हणाल्या. दोघांनाही उतार नाही.