उजव्या चाकाचा बाण

रबरावर उमटलेला बाण, बोटभर लांब.

डोकेदुखीची गोळी. न घेतलेली.

बाबांचा उजवा पाय. ड्रायव्हिंग स्कूल बंद करून वर्षं झाली, तरी शेजारच्या सीटवर बसलं की तो नसलेला ब्रेक दाबतो.

"दिसण्यावर जाऊ नका," असं म्हणणारा माणूस. दिसायला बरा.

आता जरा ओळीत सांगते.

ती दातांची डॉक्टर. तिची गाडी छोटी, लाल, बुटकी आणि अंगात ताकद मावेनाशी झालेली. घरात गाडीला मिरचीच म्हणत. एका ओल्या वळणावर मिरचीने गिरकी घेतली आणि कचऱ्याच्या डब्याला जाऊन मुका दिला. डबा आडवा झाला, बाबा उभे राहिले.

"टायर बदल. पुढच्या पावसात मी शेजारी बसणार. जरा जरी घसरली, तर गाडी विकली म्हणून समज."

गाडी बाबांच्या नावावर. वाद संपला.

टायरच्या दुकानात गल्ल्यावर मावशी होती आणि टायरच्या चळतीमागे तिचा भाचा. हाताला काळं, कपाळालाही काळं.

"हा चिकट," त्याने एक टायर पुढे घरंगळवला. "कोरड्या रस्त्यावर कितीही जोरात वळवा, सोडणार नाही. पाण्यात मात्र... ओळख दाखवणार नाही."

"आणि तो?"

"तो पावसाचा. वळणावर किंचित मऊ, पण पाण्यात साथ देतो. या खाचा पाणी बाहेर फेकतात. फक्त हा बाण पुढच्या दिशेला हवा. उलटा बसला तर पाणी आत ओढतो."

"चिकट दिसायला छान आहे."

"दिसण्यावर जाऊ नका."

"मग कशावर जायचं?"

"रस्त्यावर."

ती हसली. दातांच्या डॉक्टरचं हसू — जाहिरातीसारखं, पण खरं. त्याच्या हातून पाना पडला. नेमका पायावर.

"लागलं?"

"नाही... म्हणजे, हो. पावसाचे बसवू?"

"बसवा. तुम्हाला साथ देणारे आवडतात, तर तेच."

"टायरबद्दल म्हणालो मी."

"मीही."

"अरे बोल्ट आवळ, गप्पा नको!" मावशी ओरडली.

या दुकानाची एक रीत होती. नवे टायर बसले की गिऱ्हाइकाचा गाडीशेजारी फोटो काढायचा आणि भिंतीवर लावायचा. ती पुढच्या उजव्या चाकाशी उभी राहिली, त्याने फोटो काढला, ती गेली.

दुसऱ्याच दिवशी पाऊस. बाबा छत्री घेऊन दारात. तिचं डोकं दुखायला लागलं.

तिसऱ्या दिवशी पाऊस. किल्ली सापडेना.

चौथ्या दिवशी म्हणे अर्जंट दाढ.

"रविवारी?" बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये भित्रे पुष्कळ शिकवले. तू त्यांतली नाहीस. टायर फसलेत का? की विकायला काढू?"

ती काही बोलणार, तोच बेल वाजली. दारात भाचा. भिजलेला, धापा टाकत, हातात भिंतीवरून काढलेला फोटो. मागे चिकटपट्टी अजून लोंबत होती.

"गाडी पावसात चालवू नका! पुढचा उजवा टायर... मी उलटा बसवलाय. बाण मागे आहे."

बाबांनी फोटो घेतला. "यात तर स्वच्छ दिसतोय. कधी कळलं?"

"आज सकाळी."

"भिंतीवर कधीपासून आहे?"

"फोटो काढला त्याच दिवसापासून."

"रोज बघत होतास?"

"रोज... बऱ्याचदा."

"मग टायर आजच दिसला?"

त्याचे कान मिरचीपेक्षा लाल झाले.

"टायरकडे... लक्ष नव्हतं."

तिने ओठ घट्ट मिटले, तरी जाहिरात सुटलीच.

बाबांनी पाऊस थांबू दिला. मग किल्ली काढली — स्वतःच्या खिशातून; तिने लपवलेली त्यांना कधीच सापडली होती. पाहिलीत ना, किती हरवली होती ती! "हळूच दुकानात न्यायची. तू पुढे बस रे. चूक तुझी, धडकलो तर आधी तू."

मिरची बैलगाडीसारखी निघाली. प्रत्येक डबक्याशी दोन पाय नसलेला ब्रेक दाबू लागले, एक पुढे, एक मागे.

"नोकरी जाईल माझी," तो पुटपुटला. "मावशी सोडणार नाही."

"मी सांगेन, चूक माझी. मीच फार बोलत होते."

"बोलत राहिलात तर... मी पुन्हा चुकेन."

"मग प्रत्येक वेळी मला परत यावं लागेल."

"याल?"

"समोर बघ!" मागून बाबा गरजले. आणि जरा थांबून, "त्याला हो म्हण, आणि समोर बघ."

"हो," ती म्हणाली, समोर बघत.

त्या दिवशी दुकानात, फोटोसाठी उभं राहण्याआधी, तिने चारही बाण पाहिले होते आणि मग उलट्या चाकाशेजारी जाऊन उभी राहिली होती.