काचेआडची क्षमा

सकाळी वृत्तवाहिनीच्या अनुवादकक्षात दुभाषी शिरली, तेव्हा तिच्या खुर्चीत एक अनोळखी तरुण ऐसपैस बसला होता.

"ही माझी जागा."

"नाव कुठं लिहिलंय?"

"नाव नाही. पण उशी माझ्या आईनं शिवलीय."

तो ओशाळून उठला आणि काचेपलीकडच्या खोलीत गेला. नवा दुभाष्या तोच होता.

अमेरिकेतील निवडणुकीचा जाहीर वादविवाद थेट दाखवला जायचा होता. तेथील महिला उमेदवाराचे बोलणे हिने आपल्या भाषेत आणायचे, पुरुष उमेदवाराचे त्याने. हां हां म्हणता परके भांडण काचेच्या दोन्ही बाजूंनी पेटले.

"तुम्ही आयुष्यभर खोटंच बोलत आलात," तो कडाडला... आणि माइकची कळ बंद करून, मान लववून, त्याने तिला हात जोडले.

तिला हसू आवरेना.

पुढे प्रत्येक वादाच्या वेळी तेच घडे. शब्द जितका विखारी, तितके त्याचे हात जोडणे नम्र.

"आज फार बोललास मला," जिन्यात ती लटक्या रागाने म्हणे.

"तो बोलला. मी तर... तुझ्याकडे बघत होतो."

त्या भांडणांची प्रेक्षकांना गोडी लागली. मग येथील पक्षांनाही तसलीच जिव्हा हवीशी झाली. मळभ दाटलेल्या एका दुपारी तो नवा कोट घालून आला.

"पक्षानं प्रवक्ता केलंय मला. तिकडच्यासारखं झोंबणारं बोलायचं. समोरच्या पक्षाला तुझा आवाज हवाय. पडद्यावर भांडू, आणि घरी... एकाच घरी परतू. येशील?"

या प्रश्नाची तिने किती वाट पाहिली होती. तरीही तिने विचारले, "आणि हात कधी जोडायचे?"

"वेडी आहेस का? हात जोडताना दिसलो, तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील."

तो हसला. ती हसली नाही.

"मग मी इथंच बरी," ती हलकेच म्हणाली, आणि उशी उगाचच झटकत राहिली.

येथील निवडणूक आली. काचेपलीकडची खोली रिकामी होती. परदेशी प्रेक्षकांसाठी आता त्याचेच बोलणे तिला इंग्रजीत न्यायचे होते. पडद्यावर त्याच्यासमोर विरोधी पक्षाच्या उमेदवार, एक वृद्ध शिक्षिका, उभ्या होत्या.

"तुम्ही आयुष्यभर खोटंच बोलत आलात," तो म्हणाला.

तिने ते वाक्य, न अडखळता, त्याच्या माहेरी, इंग्रजीत, पोचवले. तिची दृष्टी सवयीने त्याच्या हातांकडे गेली. एक हात टाळ्यांच्या दिशेने उंचावलेला होता. दुसरा कोटाच्या खिशात.

तिने कळ बंद केली, आणि पडद्यावरील त्या वृद्धेला हात जोडले.