शेंडेफळाचं नाव

मिस रुथच्या घरी मी दर शनिवारी सकाळी जायची. ॲन आर्बरपासून पश्चिमेला पंचवीस मिनिटांचा ड्राइव्ह. शेवटचे दोन मैल कच्चा रस्ता आणि दोन्हीकडे मक्याची कापलेली शेतं, त्यांत उरलेल्या खुंटांवर बर्फ. रुथ वूल्सी चौऱ्याऐंशी वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. लायब्ररीच्या वाचनगटात आमची ओळख झाली आणि मी हॉस्पिटलच्या नोंदी तपासायचं काम करते हे कळल्यावर त्यांनी मला एक विनंती केली.

"मरण्याआधी मला माझ्या पणजोबांचं नाव कळायला हवं."

मी लगेच हो म्हटलं. त्यामागे माझंही एक कारण होतं. नागपूरला आमच्या घरात पणजोबांच्या मागे कुणाचंच नाव नाही. ते कुणी लिहून ठेवलं नाही, कारण आमच्यापैकी कुणाला लिहू दिलं नव्हतं. पण गोऱ्या, जमीनमालक शेतकऱ्याच्या घरातलं नाव कसं काय हरवतं?

रुथचे खापरपणजोबा नेथन वूल्सी १८३४ साली न्यूयॉर्ककडून बैलगाडीनं इथे आले. त्यांनी जंगल तोडलं, घर बांधलं. त्यांना चार मुलं झाली. त्यातली तीन लहानपणीच गेली. चौथा, सगळ्यांत धाकटा, सत्तर वर्षं जगला. रुथ त्याचीच पणती. दिवाणखान्यात त्याचा फोटो होता, पांढरी दाढी आणि डोळे किंचित बाजूला वळलेले. पण थडग्यावर नुसतं 'वूल्सी' कोरलेलं. घरात त्याला सगळे 'शेंडेफळ' अशा अर्थाच्या लाडाच्या शब्दानंच बोलवत, म्हातारपणीसुद्धा.

नेथनची १८४७ सालची रोजनिशी रुथकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होती. ओल लागून तिची पानं एकमेकांना चिकटली होती. मी पातळ सुरीनं एकेक पान सोडवायची, अक्षर लावायची आणि रुथना वाचून दाखवायची. पहिल्या दिवशीच एक गोष्ट खटकली. नेथन हवामान लिहितो, लाकडं लिहितो, गाय व्याली तेही लिहितो. पण मुलांना तो 'मोठी', 'दुसरा', 'तिसरी' असंच म्हणतो. नाव एकदाही नाही.

म्हणून नावं मी दुसरीकडे शोधू लागले. अकरा फेब्रुवारीला जुन्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीची मायक्रोफिल्म बघताना मोठीचं नाव सापडलं. लिडिया. मी तिथूनच रुथना फोन केला आणि नाव मोठ्यानं सांगितलं. त्या फोनवर रडल्या.

पुढच्या शनिवारी मी रोजनिशीचं पुढचं पान सोडवलं.

'११ फेब्रुवारी. कडाक्याची थंडी. मोठी गेली. दुपारी तिला कुणीतरी नावानं हाक मारली, आमच्यापैकी कुणी नव्हे. ती दारापर्यंत गेली आणि तिथेच पडली.'

योगायोग, मी म्हणाले. रुथही तेच म्हणाल्या. वर्षाला तीनशे पासष्ट दिवस असतात, एखादा जुळायचाच.

तीन मार्चला एका पडक्या दफनभूमीत 'दुसऱ्या'च्या थडग्याचा दगड सापडला. शेवाळ खरवडून मी नाव वाचलं, एसा. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी मी ते मोठ्यानं वाचलं. अक्षरं लावताना आपण तोंडानं पुटपुटतो, तसं. शनिवारी पान सोडवायला मला धीर होईना. रुथ चहा करायला उठल्या, तेव्हा मी ते सोडवलं.

'३ मार्च. दुसरा गेला. हाक बाईची होती. तिला नाव नीट उच्चारता येत नाही.'

हे मी रुथना वाचून दाखवलं नाही. पानं खराब आहेत, असं सांगितलं.

त्यानंतर मी काम कमी केलं. ऑफिसात आकडे जुळेनासे झाले, जेवताना मधेच उठून दार लागलंय का बघायला लागले. रवीला, माझ्या नवऱ्याला, सगळं सांगितलं. तो सॉफ्टवेअरवाला. "जागृती, तू पॅटर्न शोधायचं काम करतेस, म्हणून तुला पॅटर्न दिसतात. इतकं सिंपल आहे, यार."

चर्चच्या संग्रहालयाला मी आधीच पत्र पाठवलं होतं. नऊ एप्रिलला त्यांची ईमेल आली. मी उघडली नाही. लॅपटॉप टेबलावर ठेवून मी भाजी चिरत होते. रवीनं तो स्वतःकडे वळवला.

"बघ, तुझी तिसरी. हॅना! हॅनाबाई वूल्सी!" तो हसत म्हणाला.

मी सुरी खाली ठेवली.

शनिवारपर्यंत मी वाट बघितली नाही. दुसऱ्याच दिवशी सुट्टी घेऊन रुथकडे गेले.

'९ एप्रिल. तिसरीही गेली. या वेळी पुरुषाचा आवाज होता. तो हसत होता.'

त्याखाली, वेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं:

'धाकट्याचं नाव आता कुठेही राहणार नाही. चर्चच्या वहीतलं पान मी फाडून आणलं. ते तोंडानं न उच्चारण्याची शपथ बायकोनं घेतली आहे. हाक मारणाऱ्यांना ते कळता कामा नये.'

पुढची सगळी पानं मी त्याच दिवशी सोडवली. एकोणचाळीस. खिडकीपाशी नेऊन दोन्ही बाजूंनी बघितली. कोरी होती.

मग मी रुथना सगळं सांगितलं, तारखांसकट. त्या न हलता ऐकत राहिल्या. "सोडून द्या हे," मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि आम्ही तो डबा कपाटात ठेवला.

दोन मेच्या सकाळी त्यांचा फोन आला.

"जागृती, ओहायोतली माझी चुलतबहीण गेली. तिच्याकडचं जुनं बायबल आज माझ्याकडे आलंय. आत धाकट्याच्या आईनं त्याचं नाव लिहिलंय. अगदी बारीक, शिवणीत लपवून."

"वाचू नका. मी येतेय."

मी पोचले तेव्हा त्या फोटोसमोर उभ्या होत्या, बायबल छातीशी धरून.

"मनात वाचलंय," त्या म्हणाल्या. "अजून उच्चारलं नाही. तुझ्यासाठी थांबले."

"मिस रुथ, प्लीज."

"त्याला काय होणार आहे, पोरी? तो सत्तर वर्षं जगला. हा बघ, दाढी पांढरी झालेली आहे. झालेली गोष्ट कशी बदलेल?" त्यांचा आवाज शिक्षिकेचा झाला होता. "आयुष्यभर त्याला कुणी नावानं हाक मारली नाही. त्याच्या आईनंसुद्धा. तुझ्या पणजोबांचं नाव तुला सापडलं असतं, तर तू गप्प बसली असतीस?"

खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला पटलं होतं. तेच अजून मला छळतं.

रुथनी काचेवर तळवा ठेवला आणि हाक मारली. ते नाव मी इथे लिहीत नाही.

काही झालं नाही. बाहेर एक ट्रक गेला. रुथनी डोळे पुसले. आम्ही रुबार्बची आंबटगोड पेस्ट्री खाल्ली आणि मी घरी आले. त्या रात्री कितीतरी दिवसांनी मला नीट झोप लागली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासाठी ट्युलिप घेऊन गेले. दार रुथनीच उघडलं. तोच निळा स्वेटर, तेच हसू.

"जागृती! आज रविवारी कशी?"

मी आत गेले. दिवाणखान्याच्या भिंतीवर फक्त घड्याळ होतं. फोटोच्या जागी खिळा नव्हता, खिळ्याचं भोकही नव्हतं.

"तुमच्या पणजोबांचा फोटो?"

"कुणाचा?" त्या मनापासून हसल्या. "माझ्या पणजोबांचं मला काय माहीत! माझ्या घराण्याचं मला काहीच माहीत नाही. तुला सांगितलं नव्हतं?"

"आणि वूल्सी?"

"तो रोजनिशीवाला?" त्यांनी टेबलावरच्या डब्याकडे बोट दाखवलं. "रोजनिशी यार्ड सेलमध्ये, कुणाच्या तरी अंगणात विकायला काढलेल्या जुन्या सामानात, डब्यासोबत मिळाली. बिचारा. विकणारी बाई सांगत होती, चारही मुलं एकाच वर्षात गेली."

मी डबा उघडला. माझ्या सुरीच्या खुणा पानांच्या कडांवर तशाच होत्या. नऊ एप्रिलच्या पुढचं पान मी उलटलं. ते आता कोरं नव्हतं. शाई बाकीच्या शाईसारखीच, तांबूस आणि जुनी.

"काय लिहिलंय गं? मला ते अक्षर लागत नाही," रुथ ट्युलिप पाण्यात ठेवत म्हणाल्या.

"दोन मे," मी वाचलं. "ऊन पडलं. नांगरणी सुरू केली."

पुढच्या ओळी मी मोठ्यानं वाचल्या नाहीत.

'धाकटा गेला. या वेळी हाक एका म्हातारीची होती. फार मायेनं मारली. तो हसत धावत गेला.'