पाचवी काच

"पुसा, पुसा! सगळा जन्म पुसण्यात जाणार," सून खिडकीशी पुटपुटली. स्वतःशीच, पण सासूला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं.

सासूनं शिलाई मशीन थांबवलं नाही. सुनेचं खोटं नव्हतं. भिंतीपलीकडे दगड दळायचा कारखाना. त्याची पांढरी भुकटी दुधावर, उशांवर, गिऱ्हाइकांच्या शिवून ठेवलेल्या काळ्या कोटांवर. नातीचा खोकला तर पाठच सोडेना. मुलानं बजावलं होतं, या खेपेला नगरपालिकेनं तक्रार फेटाळली तर घर विकायचं.

सासू "बरं" म्हणाली होती. मग व्हरांड्यातल्या खुर्चीचं काय, हे मात्र तिच्या तोंडून निघालं नव्हतं.

वेताची खुर्ची. तिचा नवरा त्याच कारखान्यात फोरमन; संध्याकाळी पाचला सुटला की त्या खुर्चीत बसून कारखान्याच्याच नावानं खडे फोडायचा. त्याला जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून बाजूच्या बाकावर बोटभर थर चढे, पण खुर्ची लख्ख. तिच्यापुढे फरशीवर दोन पावलांएवढी जागाही लख्ख. सुनेला वाटे, सासूबाई पुसतात. सासूला वाटे, सून पुसते. निदान दोघी तसं धरून चालत.

नगरपालिकेचा निरीक्षक धूळ मोजायच्या पाच काचा घेऊन आला. गच्ची, खिडकी, पायरी, बाक अशा चार ठेवून झाल्या.

"आणि ही इथं," म्हणत त्यानं पाचवी खुर्चीवर ठेवून सील लावलं. सासूचा हात पुढे झाला, तसाच मागे गेला.

"महिनाभर कुणी हात लावू नका, मावशी. पाचांची सरासरी धरतात."

महिन्यानं तो कारखान्याच्या सुपरवायझरला घेऊन आला. हा गडी फोरमनच्याच हाताखाली तयार झालेला. आल्यापासून व्हरांड्याकडे पाठ करून उभा.

चार काचा पिठात बुडवल्यासारख्या निघाल्या. पाचवीला निरीक्षकानं हात घातला तेव्हा वेत करकरला. काचेत त्याला स्वतःचा चष्मा स्वच्छ दिसला.

"कोमट कशी काय?" तो म्हणाला. व्हरांड्यात ऊन नव्हतं.

त्यानं आकडेमोड केली, पुन्हा केली.

"चारही मर्यादेच्या वर आहेत. पण ही धरली की सरासरी खाली येते. मावशी, तक्रार टिकत नाही."

सून पायरीवर मटकन बसली. आत नात खोकली.

सासूनं खुर्चीकडे रोखून पाहिलं. जन्मभर ह्यांचं हेच, तिच्या मनात आलं. मदतीला यायचं आणि होतं काम बिघडवून ठेवायचं.

"ही बाद नाही का करता येत?" सुनेनं विचारलं.

"काचेवर काही आड आलं असेल तर येते. पण सील शाबूत आहे, आणि कारखान्याची हरकत..."

"हरकत नाही," सुपरवायझर पाठमोराच म्हणाला. "बाद करा. मी सही देतो."

निरीक्षक बघतच राहिला. मग त्यानं पाचवा आकडा खोडला. सरासरी वर गेली. म्हणजे तीस दिवसांत चक्कीवर छप्पर आणि जाळी, नाहीतर टाळं. सून ओढणीत तोंड खुपसून हसत होती की रडत होती, तिलाच ठाऊक. सासूनं कित्येक महिन्यांनी छातीभर श्वास घेतला. घर राहिलं. खुर्ची राहिली.

"कारणाचा रकाना राहिला," निरीक्षक म्हणाला. "काय लिहू?"

सून फरशीकडे पाहू लागली. मग ती दोन पावलांएवढी लख्ख जागा दिसली, तशी आभाळाकडे. सासू हातातल्या गिऱ्हाइकाच्या कोटाचं बटण चाचपत राहिली.

सुपरवायझर वळला. डोक्यावरची टोपी काढून त्यानं हातात घेतली.

"लिहा साहेब, फोरमन बसलेले होते. रोज बसतात. आमच्या गेटातून दिसतात, वहिनी. चार वर्षं आम्ही इकडे बघायचं टाळतोय." त्यानं खुर्चीपुढे मान लववली. "आत्ता तुम्ही काच उचललीत ना, तेवढ्यापुरते उठले होते."