राखणदार सातेरीला हाक मारतो

कस्तुरीच्या मावशीला जुळं झालं ते साल २०५२. बारशाला सगळं देवखोल गाव जेवून गेलं आणि पानं उचलायच्या आत अवकाळी पावसाने गाठलं. वीज पडली ती नेमकी खाडीच्या तोंडावर, राखणदाराच्या खांबावर. पाळण्यातली दोन्ही पोरं दचकून एकदम रडली. राखणदार मात्र गप्प झाला.

हा राखणदार म्हणजे देव नव्हे. खाडीच्या तोंडाशी एका दगडी खोलीत बसवलेलं ते बोलकं यंत्र होतं. पाण्याखाली लांबवर त्याचे संवेदक (आवाज आणि हालचाल टिपणारे यंत्राचे कान) पसरलेले होते. कुठली होडी बाहेर गेली, कुठली आत आली, वाळूचा दांडा (पाण्याखालचा बांध, ज्यावर होडी अडकते) कुठे सरकला, हे सगळं तो टिपून ठेवी. धुकं पडलं की वायरलेसवरून होड्यांना वाट सांगे. वाडीतल्या म्हाताऱ्यांनी त्याला राखणदार म्हणायला सुरुवात केली आणि पहिल्या वर्षी त्याच्यासमोर नारळही ठेवला.

त्याची देखभाल कस्तुरीचे आजोबा करत. त्यांना सगळा गाव तात्या म्हणे, अगदी त्यांची मुलगी आणि नातसुद्धा. अशी यंत्रं घडवण्यात त्यांचं उभं आयुष्य प्रयोगशाळेत गेलं होतं. म्हातारपणी ते आपल्या गावी परत आले होते.

विजेनंतर दोन दिवसांनी सकाळी ते कस्तुरीला घेऊन खोलीत गेले. बाहेर धुकं इतकं दाट होतं, की दारातून खाली गेलेल्या पायऱ्यांपैकी फक्त पहिली दिसत होती. कस्तुरीची आई मालन पहाटेच आपली ‘शिंपली’ घेऊन मासेमारीला गेली होती. त्या दिवशी बाहेर असलेली ती एकटीच होडी.

“बॅटरी नीट धर गो,” तात्या म्हणाले, “माझ्या नाकावर नको. नाकात काही बिघाड नाही.”

त्यांनी जळलेला मदरबोर्ड (यंत्राचे सगळे भाग जिच्यावर जोडलेले असतात ती मुख्य पाटी) बाहेर काढला. त्याला करपलेल्या भाकरीसारखा वास येत होता. लोखंडी पेटीत मागाहून मागवलेला जादा मदरबोर्ड होता, तो त्यांनी बसवला. डिस्क (सगळ्या नोंदी साठवण्याचा भाग) मात्र जुनीच, धडधाकट होती.

“म्हणजे आता त्याला सगळं आठवेल?”

“आठवायला हवं,” म्हणत तात्यांनी बटण दाबलं.

हिरवा दिवा लागला. भिंतीतल्या कर्ण्यातून तो ओळखीचा, संथ आवाज आला.

“देवखोल खाडी. तीन होड्या बाहेर आहेत. मत्स्यराणी, मत्स्यराणी, राखणदार बोलतोय. आवाज येतो का?”

नुसती खरखर.

मत्स्यराणी देवळामागे कधीची पालथी पडली होती आणि तिच्याखाली कोंबड्या राहत होत्या.

“चांदणी, चांदणी, राखणदार बोलतोय.”

चांदणी तर परगावी विकली गेली होती.

“सातेरी, सातेरी, राखणदार बोलतोय. आवाज येतो का?”

तात्यांच्या हातातली पक्कड खाली पडली. सातेरी सदूमामाची होडी, एवढंच कस्तुरीला ठाऊक होतं. घरात मामाचा एक फोटो होता. मामा कुठे आहे असं विचारलं, की आई म्हणे, लांब गेला, आणि मासे साफ करायला बसे.

पडद्यावर अक्षरं उमटली होती: ‘पूर्वस्थिती परत आणता येत नाही. पुढच्या नोंदी अजून घडलेल्या नाहीत.’

“तात्या, अजून घडलेल्या नाहीत म्हणजे काय? ह्याला झपाटलंय?”

“तारीख वाच आधी.”

कस्तुरीने कोपऱ्यातली तारीख वाचली. साल होतं २०३८. ती तेव्हा जन्मलीही नव्हती.

“हे बघ,” तात्या म्हणाले. “मदरबोर्डवर एक घड्याळ असतं. यंत्र बंद असलं, तरी बटणाएवढ्या बॅटरीवर ते चालत राहतं. ही पाटी इतकी वर्षं पेटीत पडून होती, बॅटरी कधीच संपली. घड्याळ गेलं मागे, पाटी घडवली त्या सालात. आता मला सांग, तुझ्या वहीत बाईंना पुढच्या वर्षीच्या तारखेचा अभ्यास दिसला, तर त्या काय म्हणतील?”

“खोटा आहे म्हणतील.”

“ह्यानेही तेच म्हटलं. २०३८ नंतरचं सगळं खोटं ठरवून बाजूला टाकलं. त्याआधीची जी शेवटची सकाळ जपलेली सापडली, तीच आज आहे असं तो समजतोय. त्या सकाळी ह्या तीन होड्या बाहेर होत्या. दुपारी तिन्ही परत आल्या...” तात्या बोलता बोलता थांबले. “तिन्ही आल्या होत्या,” ते हळूच म्हणाले.

इतक्यात वायरलेस खरखरला. “राखणदार, शिंपली बोलतेय. परत येतेय. वाट दे.”

आईचा आवाज! कस्तुरी उडालीच.

राखणदार म्हणाला, “शिंपली नावाची होडी देवखोलात नाही. कोण बोलतंय?” तो पुढे म्हणाला, “जो कोणी असेल त्याने डाव्या खडकाला धरून आत यावं. वाट मोकळी आहे.”

तात्यांनी झडप घालून माइक उचलला. “मालन, ऐकू नको त्याचं! ती चौदा वर्षांपूर्वीची वाट आहे. तिथे आता दांडा आहे. नांगर टाक!”

“टाकला होता, तात्या. वाळूत धरत नाही. लाट वाढतेय आणि होडीची बॅटरी उतरत आलीय. फार वेळ थांबता येणार नाही.”

“सगळं पुसून त्याला नव्याने सुरू करू या का?” कस्तुरीने विचारलं.

“मग तो मावशीच्या पोरांसारखा होईल. आवाज मोठा, पण काहीच माहीत नाही. दांडा आज कुठे आहे हे ह्या डिस्कमध्येच आहे गो, आणि तिथवर आपल्याला त्यालाच चालवत न्यायचंय.”

त्यांनी बटणबॅटरी बदलली. “साल लाव,” म्हणाले.

कस्तुरीने एकेक साल पुढे ढकललं. राखणदार क्षणभर थांबला आणि मग पडद्यावर नोंदी धावू लागल्या. उन्हाळे, पावसाळे, भरत्या, ओहोट्या. मत्स्यराणीचं नाव आलं आणि विझलं. चांदणी विझली. गावातली माणसं एकामागून एक धुक्यात शिरावीत तसं ते दिसत होतं.

मग सगळं थांबलं. साल होतं २०४१.

“नोंद जुळत नाही,” राखणदार म्हणाला. “सातेरी बाहेर गेली. ती आत आल्याचं मी ऐकलं नाही. तरी ती शाकारलेली आहे, असं लिहिलंय. हे कोणी सांगितलं?”

शाकारलेली (पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेली) हा शब्द देवखोलात सगळे वापरत, अगदी परत न आलेल्या होडीसाठीही. होडी बुडाली असं तिथे कुणी तोंडाने म्हणत नसे.

“मी सांगितलं होतं,” तात्या कस्तुरीला म्हणाले. “माझ्या शिक्क्याने (सांगणारा मीच, हे यंत्राला पटवणारी गुप्त खूण). तो शिक्का जुन्या मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये असायचा. ती जळली. त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलेलं त्याला परत पटतं. माणसाने सांगितलेलं मात्र माणसालाच पुन्हा सांगावं लागतं.” ते माइककडे वळले. “सातेरी शाकारलेली आहे.”

“मग तांडेल (होडीचा प्रमुख) सदानंद कुबल किनाऱ्यावर असतील. त्यांचा आवाज ऐकवा.”

धुक्याचा एक लोट दारातून आत येऊन उंबऱ्यापाशी थांबला, जणू कुणी आत येऊ की नको असा विचार करत उभं आहे.

“तो... बाहेर आहे,” तात्या म्हणाले.

“मग मी वाट पाहतो. सातेरी, सातेरी, राखणदार बोलतोय. आवाज येतो का? सदानंद तांडेल, आवाज येतो का?”

हाक वायरलेसवरून सगळ्या समुद्रावर गेली. शिंपलीवरही ती ऐकू गेली असणार. मग मालनचा आवाज आला, अगदी हळू.

“तात्या, सांगा त्याला. अकरा वर्षं झाली. मीपण ऐकतेय.”

तात्यांचा अंगठा माइकच्या बटणावर होता, पण दाब टिकत नव्हता. दर खेपेला बटण सुटून जाई. कस्तुरीने त्यांच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला आणि दाबला.

“बटण मी धरते. तुम्ही बोला.”

तात्यांनी डोळे मिटले. “राखणदार, वाट पाहू नको. सातेरी बुडाली. माझा मुलगा सदानंद तिच्यावर होता. तो गेला.”

“आवाज ओळखला, तात्या,” राखणदार म्हणाला. “कुठे बुडाली?”

“दांड्याच्या दक्षिण टोकाला. फळ्या तिथेच मिळाल्या.”

राखणदाराने पुढच्या सालांच्या नोंदी चाळल्या. मग म्हणाला, “त्या जागी तळाशी काहीतरी आहे. मी त्याला खडक समजत होतो. दरवर्षी वाळू त्याच्याभोवती साठते आणि दांडा तिकडे वाढतो. आता कारण कळलं. नोंद घेतली.”

पडद्यावर सालं पुन्हा धावू लागली. बेचाळीस, पंचेचाळीस, पन्नास. एका ओळीत ‘शिंपली, तांडेल मालन’ असं झळकलं तेव्हा कस्तुरी ओरडलीच. मग आजची तारीख आली.

“शिंपली, राखणदार बोलतोय. आवाज येतो का?”

“येतो रे बाबा, येतो! वाट दे!”

“डावा खडक सोड. उजवीकडे ये. अजून ये. आता सरळ. पुढची लाट मागून येईल, तिच्यावर बसून ये.”

कस्तुरी धावत पायऱ्यांवर गेली. समोर पांढऱ्या भिंतीशिवाय काही नव्हतं. मग त्या भिंतीत एक काळा ठिपका दिसला, त्याचं टोक झालं आणि टोकामागून शिंपली बाहेर आली. नखशिखांत भिजलेली आई सुकाणूवर उभी होती.

“चहा ठेवलाय का कोणी,” ती म्हणाली, “की दोघं खेळतच बसलात?” आणि तिने कस्तुरीला इतकं घट्ट धरलं, की पोरीचाही परकर भिजला.

वर आल्यावर ती तात्यांपाशी गेली. मग तिने खाली पडलेली पक्कड उचलून त्यांच्या हातात दिली.

दुपारी धुकं विरल्यावर तात्यांनी नवा शिक्का तयार केला. ह्या खेपेला त्याची एक प्रत खोलीबाहेर, शाळेच्या कपाटात ठेवली. एका पाटीवर सगळा भरवसा ठेवायचा नाही, पाटी जळते, असं ते म्हणाले. त्यांच्या आवाजाशेजारी त्यांनी कस्तुरीचाही आवाज नोंदवला.

“मी काय सांगायचं त्याला?” तिने विचारलं.

“जे झालं तेच. पुढे जुळ्यांनाही शिकव.”

संध्याकाळी राखणदाराने दिवस बंद केला. बाहेर एकही होडी नाही, असं तो म्हणाला. मग कस्तुरीने पडद्यावरची सकाळची नोंद पहिल्यांदाच मोठ्याने वाचली आणि घरातली सगळी माणसं खोलीत उभी राहून ऐकत होती:

सातेरीचे तांडेल सदानंद कुबल १२ नोव्हेंबर २०४१ रोजी सकाळी देवखोलच्या दांड्यावर बुडून वारले.